बासष्ट व्याख्यानांचा पासवर्ड

१२ सप्टेंबर २०११, सोमवार

लखनौहून पत्र आलं. मान्यता समिती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येणार. प्राचार्य खरे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून पत्र वाचायला दिलं आणि म्हणाले, “लघाटे जी, इस बार आपका विभाग ही इज़्ज़त बचाएगा.”

अर्जात आम्ही लिहून दिलंय की विद्युत विभागाची बासष्ट व्याख्यानं संगणकावर तयार आहेत, आकृत्यांसह. ती व्याख्यानं माझी. या पॉलिटेक्निकात बत्तीस वर्षं मोटारी आणि जनित्रं शिकवली, त्याचा अर्क. सीडी माझ्या कपाटात कुलपात आहे. मार्चमध्ये मी साठीला पोचतो. समितीचं नीट पार पडलं तर दोन वर्षांची मुदतवाढ आणि विभागप्रमुखपद, असं साहेब आडून बोलले. आडून का होईना, बोलले.

लॅबमध्ये वीस नवे संगणक आलेत. विंडोजचे परवाने महाग पडतात म्हणून ट्रस्टने त्यांवर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली घातली आहे. लॅबवाले कुशवाहाजी त्या प्रणालीचे असे गुण गातात की जणू त्यांच्या सासऱ्याने ती बनवली. साहेबांच्या केबिनमधल्या संगणकावर मात्र विंडोजच. तो गेल्या दिवाळीत खास घेतलेला.

सरला म्हणते, तुम्ही डायरीत नुसत्या तक्रारी लिहिता. असू दे. कुणाला वाचायची आहे!

१४ सप्टेंबर, बुधवार

सीडी लॅबमध्ये लावली. पडद्यावर बासष्ट नावं ओळीने आली. पहिलीवर क्लिक केलं तर चौकोन उघडला: पासवर्ड.

हे माझ्या लक्षातच नव्हतं. पासवर्ड मीच घालायला सांगितला होता. यांत्रिक विभागातली मंडळी दुसऱ्याच्या वह्या ढापून स्वतःच्या नावाने छापतात. माझ्या बत्तीस वर्षांची तशी गत व्हायला नको होती. घातला सिंधूने. सिंधू तायडे, आमच्याकडे तीन वर्षं कंत्राटी लेक्चरर होती. रेल्वेतल्या निवृत्त फिटरची मुलगी, वडील भुसावळकडचे. कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझ्या वह्यांवरून टायपिंग, आकृत्या वगैरे तिने केलं. मुलगी हुशार, हे मी नाकारत नाही. उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या लागल्या तिला या कामाला.

जूनमध्ये तिचं कंत्राट संपलं. नूतनीकरणासाठी साहेबांनी माझा अभिप्राय मागितला होता. मी ‘समाधानकारक’ लिहिलं. त्या जागी ट्रस्टींच्या भाचीला घ्यायचं ठरलेलं होतं, मी ‘उत्कृष्ट’ लिहून काय उपयोग होता? हल्ली सिंधू बरुआसागरच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते असं ऐकलं.

जाताना तिने पासवर्डचा कागद दिला होता. तो सापडत नाही.

१५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारच्या सुट्टीत सिंधूला फोन केला. शाळेची घंटा मागे ऐकू येत होती. मला वाटलं होतं कुरकुर करेल. तिने लगेच सांगितलं.

“रोटर, सर. आर कॅपिटल. मग खाली आडवी रेघ, मग तीनचा आकडा. सगळ्या फायलींना तोच एक आहे.”

“इतकं सोपं?”

“तुम्हाला लक्षात राहावं म्हणून सोपा ठेवला होता.”

लॅबमध्ये जाऊन टाकला. ‘पासवर्ड गलत है’. कॅपिटल आर, छोटा आर, रेघेशिवाय, तीनचा आकडा अक्षरांत लिहून, सगळे प्रकार केले. बासष्टपैकी एकही फाइल उघडली नाही. कुशवाहाजी मागे उभे राहून म्हणाले, “सर, मशीन झूठ नहीं बोलती.”

१७ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा फोन केला. या वेळी मी जरा कडक आवाजात बोललो. ती म्हणाली, “सर, लॅबमध्ये आता लिनक्स आहे ना? मी शेवटी सगळं भावाच्या नव्या कॉम्प्युटरवर सेव्ह केलं होतं. तिथे नवीन ऑफिस होतं. त्याचं कुलूप लिनक्सवरच्या प्रोग्रॅमला उघडता येत नसणार. नव्या विंडोजवर लावून बघा, लगेच उघडेल.”

हे मी कुशवाहाजींना सांगितलं तर ते उसळलेच. “तो फिर पासवर्ड पूछता क्यों है? समझ नहीं आता तो सीधे कहता कि नहीं खुलेगी!” मुद्दा बिनतोड वाटला.

तरी मी माझ्या बाजूने कसर ठेवली नाही. संध्याकाळी घराजवळ, ओरछा गेटच्या आतल्या सायबर कॅफेत सीडी घेऊन गेलो. तिथे विंडोज आहे. दुकानदाराने लावली, फाइल उघडलीच नाही, काहीतरी इंग्रजी सूचना येऊन बंद झाली. म्हणाला, “अंकल, हमारा सॉफ़्टवेयर दो हज़ार तीन का है, फ़ाइल नई होगी.” दुकानदार लोक असलं काहीतरी बोलतच असतात. माझ्यापुरतं स्पष्ट झालं: लिनक्सवर नाही, विंडोजवरही नाही. मग दोष कशात उरतो?

सरलेला सांगितलं. भाजी निवडता निवडता तिने विचारलं, “ती पोरगी खोटं कशाला बोलेल?”

“कंत्राट गेल्याचा राग.”

“तिचं कंत्राट तुम्ही घालवलंत का?”

“मी कशाला घालवीन!”

“मग तुमच्यावर राग कशाला?”

बायकांशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

२४ सप्टेंबर, शनिवार

आज सिंधू स्वतः आली. शाळा अर्धा दिवस होती. बरुआसागरहून बस धरून सरळ कॉलेजात. घाम पुसत लॅबमध्ये बसली, चार-पाच फायलींवर पासवर्ड टाकला. तेच उत्तर. तिचाही चेहरा पडला, हे मी पाहिलं. नाटक असेल तर चांगलं वठवलं.

ती म्हणाली, “सर, प्राचार्यांच्या केबिनमधला कॉम्प्युटर नवा आहे. दोन मिनिटं तिथे लावू या. सगळ्या फायलींचा पासवर्ड काढूनच टाकते, म्हणजे इथेही चालतील.”

आम्ही दोघं केबिनशी गेलो. काचेचं दार. साहेब आत होते. मी आत जाऊन विचारलं. साहेबांनी काचेतून तिच्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “लघाटे जी, उसमें पूरे कॉलेज का डेटा है. जो अब हमारी कर्मचारी नहीं, उसे कैसे बैठने दूँ? कल को कुछ हो गया तो?”

मी म्हटलं, मग मी सीडी लावतो, ती नुसतं सांगेल.

“और सीडी में क्या-क्या डाल रखा है, आपको पता है?”

साहेबांचंही बरोबर होतं. कालच पेपरात व्हायरसबद्दल आलं होतं. बाहेर येऊन सिंधूला सांगितलं की आज जमणार नाही.

ती म्हणाली, “तुम्ही त्यांना म्हणालात ना, की मी तीन वर्षं याच कॉलेजात होते?”

“त्यांना माहीत आहे ते.”

“हो. माहीत आहे.”

मग ती बस पकडायला गेली. फाटकापर्यंत सोडायला जावं असं मनात आलं होतं, पण साहेब काचेतून बघत होते.

२ ऑक्टोबर, रविवार

प्रेमनगरला सिंधूच्या घरी गेलो. घरी वडिलांसमोर विचारलं तर खरं सांगेल, असा विचार. ती शिकवणीला गेली होती. तिचे वडील भीमरावजी एकटे होते. छोटं पण स्वच्छ घर, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, फोटोला ताजा हार. त्यांनी चहा ठेवला. मी ॲसिडिटीचं निमित्त सांगितलं. खरं तर आमच्याकडे बाहेर चहा घ्यायची फारशी पद्धतच नाही, त्यात दुसरं काही नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला. कप पुन्हा फडताळात ठेवले.

मी म्हटलं, “भीमरावजी, मुलीला समजवा. रागाच्या भरात माणूस चूक करतो. खरा पासवर्ड सांगितला तर मी विषय इथेच मिटवतो.”

त्यांनी टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाले, “साहेब, दोन उन्हाळे ही पोरगी तुमच्या वह्या घेऊन याच टेबलावर बसायची. मी म्हणायचो, पैसे तरी देतात का जादा? तर म्हणायची, बाबा, सरांचं आयुष्यभराचं काम आहे, नीट झालं पाहिजे.” आणि उठून उभे राहिले. म्हणजे मलाही उठावं लागलं.

असल्या बोलण्याने माणूस विरघळतो, पण पासवर्ड मिळत नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार

साहेबांनी पत्र तयार ठेवलं होतं. बरुआसागरच्या शाळेच्या व्यवस्थापकांच्या नावे, कॉलेजच्या लेटरहेडवर. मजकूर असा की, आमच्या माजी कंत्राटी कर्मचारी कु. सिंधू तायडे यांनी संस्थेच्या मालकीचं शैक्षणिक साहित्य जाणूनबुजून चुकीचा पासवर्ड देऊन अडवून ठेवलं आहे. आपण त्यांना समज द्यावी. खाली साहेबांची सही आणि शेजारी ‘साक्षी’ म्हणून माझं नाव टाइप केलेलं.

साहेब म्हणाले, “इससे दो काम होंगे. डर के पासवर्ड दे देगी. और न दे, तो समिति को दिखाने के लिए हमारे पास काग़ज़ रहेगा.”

मी म्हटलं, नोकरीवर तर नाही ना येणार तिच्या?

“अरे, समझाने को ही तो लिखा है.”

‘जाणूनबुजून’ हा शब्द मला खटकला. तेवढा काढा म्हणणार होतो. साहेबांनी पेन पुढे केलं आणि त्याच दमात म्हणाले की मुदतवाढीचा कागद ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत ठेवतो आहे. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मी सही केली.

आज जेवण गेलं नाही. दसऱ्याचं गोड जास्त झालं असावं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

सरला महाराष्ट्र मंडळातल्या बायकांच्या बैठकीहून आली ती पदर खोचून सरळ माझ्यासमोर उभी राहिली. “सिंधूला शाळेतून काढलं. कळलं का तुम्हाला?”

मला कळलं नव्हतं.

“व्यवस्थापक म्हणाले म्हणे, जी बाई आधीच्या संस्थेला कुलपं लावून आली ती आम्हाला काय करेल. कॉलेजातून पत्र आलं होतं. पत्रावर कुणाची सही होती?”

मी म्हटलं, प्राचार्यांची.

हे खोटं नाही.

९ नोव्हेंबर, बुधवार

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

समितीत तिघे होते. लॅब बघितली, कार्यशाळा बघितली, मग केबिनमध्ये सगळे बसले आणि व्याख्यानांचा विषय निघाला. साहेबांनी ठरल्याप्रमाणे सिंधूची हकिगत सांगितली आणि पत्राची प्रत पुढे ठेवली. मीही मान हलवली. म्हणालो, “जी, जो पासवर्ड दिया वह ग़लत निकला. हर तरह से कोशिश की.”

समितीतला एक जण तरुण होता, चष्मेवाला, संगणकाचा प्राध्यापक. त्याने विचारलं, “सीडी है? एक बार देखूँ?” स्वतःचा लॅपटॉप उघडला, सीडी लावली. “पासवर्ड जो भी दिया था, डाल दीजिए.”

मी टाकला. मला आठवतं, मी हसतच होतो. आत्ता यांनाही दिसेल, असं मनात होतं. कॅपिटल आर, बाकीची अक्षरं, खाली आडवी रेघ, तीन.

फाइल उघडली.

पहिली स्लाइड. निळ्या पार्श्वभूमीवर ‘विद्युत मशीनें: व्याख्यान एक. प्रस्तुति: नीलकंठ लघाटे.’

तो तरुण म्हणाला, “खुल तो गई.” दुसरी फाइल लावली. तीच अक्षरं. उघडली. पाचवी, विसावी. उघडल्या. तो म्हणाला, “नए वर्ज़न की एन्क्रिप्शन है. लिनक्स वाला प्रोग्राम इसे पढ़ नहीं पाता और पासवर्ड ग़लत बता देता है. आम बात है. किसी विंडोज़ पर नहीं लगाई?”

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांच्या टेबलावरचा संगणक त्या लॅपटॉपपासून दोन हातांवर होता. सुरूही होता. साहेब म्हणाले, “चाय ठंडी हो रही है, सर.” आणि पत्राची प्रत उचलून फायलीत घातली.

समितीने तासभर व्याख्यानं बघितली. आकृत्यांचं फार कौतुक केलं. अध्यक्ष माझा हात हातात घेऊन म्हणाले, “ऐसे शिक्षक अब कहाँ!” मी धन्यवाद म्हणालो. मी म्हणालो, हे मला लिहिलंच पाहिजे.

१२ नोव्हेंबर, शनिवार

मुदतवाढीचं पत्र आलं. दोन वर्षं, विभागप्रमुख म्हणून. सरलेने देवापुढे ठेवलं नाही. टेबलावरच पडून आहे.

साहेबांना म्हटलं, शाळेला दुसरं पत्र पाठवू या, पहिलं मागे घेतल्याचं. ते म्हणाले, “संस्था अपनी चिट्ठी वापस ले, तो मतलब संस्था ने झूठ लिखा. आप चाहते हैं कि अख़बार में आए? और दस्तख़त तो आपके भी हैं.”

हो. आहेत.

१३ नोव्हेंबर, रविवार

शाळेसाठी एक पत्र मी घरीच, हाताने लिहिलं आणि ते आधी सिंधूला दाखवावं म्हणून प्रेमनगरला गेलो. या वेळी ती घरी होती. भीमरावजी दारातून बाजूला झाले.

मी म्हटलं, “सिंधू, फाइल उघडली. पासवर्ड बरोबर होता.”

“मला माहीत आहे, सर. मीच घातला होता.”

मी पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं. मी लिहिलं होतं की तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला आहे, तरी सहानुभूतीने विचार व्हावा.

“गैरसमज झाला,” ती म्हणाली. “कोणाचा?”

“म्हणजे... आमचा. सगळ्यांचाच.”

“माझा नव्हता झाला. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. येऊन सांगितलं होतं. कुठल्या कॉम्प्युटरवर उघडेल तेही दाखवलं; तुम्ही काचेच्या आत जाऊन तसेच परत आलात. आणि सहानुभूती कशाला? मी काय केलंय?”

“तू म्हणशील तसं लिहितो.”

“मी मजकूर सांगायचा आणि तुम्ही सही करायची? असं तुम्ही एकदा केलंय, सर.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला रागावता तरी आलं असतं. तिने घडीवर घडी घालून कागद माझ्या हातात परत दिला. बाहेर पडल्यावर लक्षात आलं, आजही ती मला सरच म्हणत होती.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

नवीन पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी असं झालं: ‘सिंधू तायडे यांनी दिलेला पासवर्ड पहिल्या दिवसापासून बरोबर होता. आमच्या संगणकाला तो वाचता येत नव्हता. त्यांनी हे मला सांगितलं होतं; मी विश्वास ठेवला नाही आणि खोट्या पत्रावर सही केली. चूक माझी आहे.’ खाली त्याचंच हिंदी.

रजा टाकून बसने बरुआसागरला गेलो. व्यवस्थापक भले गृहस्थ वाटले. चष्मा लावून दोनदा वाचलं.

“मास्टर साहब, ये तो सादे काग़ज़ पर है.”

मी म्हटलं, माझ्या सहीचं आहे.

“वो चिट्ठी लेटरहेड पर थी. मोहर थी. उसको काटने के लिए वैसी ही चाहिए न? मैं कमेटी को क्या दिखाऊँगा?” मग चष्मा काढून म्हणाले, “और जगह तो भर गई. मोंठ की एक लड़की आ गई है. अब उसे निकालूँ?”

वर्गाच्या खिडकीतून ती नवी मुलगी दिसत होती. फळ्यावर पानाची आकृती काढत होती. मी परत आलो. पत्राची एक प्रत रजिस्टर्ड डाकेने सिंधूला पाठवली.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज साहेबांनी स्वतः मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. सगळ्या फायलींचा पासवर्ड काढून टाकायचा, म्हणजे लॅबमधल्या मुलांना चालतील. कुशवाहाजींनी रीत दाखवली आणि ते गेले. साहेब ट्रस्टच्या कामाला बाहेर होते. केबिनमध्ये मी एकटा.

एकेक फाइल उघडायची, पासवर्ड टाकायचा, आत जाऊन तो पुसायचा, पुन्हा जतन करायची. बासष्ट वेळा मी तो शब्द टाइप केला. बासष्ट वेळा फाइल उघडली. एकदाही अडली नाही.

पंधराव्या-सोळाव्या फायलीनंतर नजर खाली गेली. प्रत्येक स्लाइडच्या खाली टिपणासाठी जागा असते, मोठ्या पडद्यावर ती दिसत नाही. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मराठीत. पहिल्या फायलीपासून सगळीकडे होतं, मी बघितलंच नव्हतं.

‘इथे सर पाण्याच्या पंपाचं उदाहरण देतात, ते मुलांना आवडतं. त्यासाठी वेळ ठेवला आहे.’

‘ही आकृती सरांच्या १९८४च्या वहीतली. कागद फाटला होता, अंदाजाने पुरी केली.’

‘ही स्लाइड सावकाश.’

आणि चाळिसाव्या फायलीत, स्टार-डेल्टा स्टार्टरच्या आकृतीखाली: ‘सरांच्या वहीत दोन तारा उलट जोडल्या आहेत. मुलांनी तसं जोडलं तर मोटर झटका खाईल. चित्रात नीट केलं आहे. सरांना कधीतरी एकटं गाठून सांगावं, वर्गात नको.’

ती आकृती मी एकोणीस वर्षं फळ्यावर काढली. या कॉलेजात ती टिपणं नीट समजेल असा माझ्याशिवाय दुसरा माणूस नाही. मग ती कोणासाठी लिहिली होती, हे कोणी मला सांगायला नको.

समितीने ज्या आकृत्यांचं कौतुक केलं त्यांत हीही होती.

मग कार्यालयातल्या हेडक्लार्कना, बडे बाबूंना, बोलावलं. मला संगणकावर देवनागरी टाइप करता येत नाही. म्हटलं, एवढं नाव टाइप करून द्या. त्यांनी कार्यालयाच्या हिंदी पत्रांसाठी वापरतात त्या फाँटात ‘सहयोग: सिंधू तायडे’ असं टाइप केलं. ‘सहयोग’ हा शब्दही कमीच आहे, पण मी तोच सांगितला. ते उचलून बासष्टही फायलींत पहिल्या स्लाइडवर माझ्या नावाखाली बसवलं. साहेबांना विचारलं नाही. नोकरीत पहिल्यांदाच काही न विचारता केलं. पाच वाजता सगळं नव्या सीडीवर उतरवून ती कुशवाहाजींकडे दिली.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

रजिस्टर्डची पोच आली. पाठोपाठ फोनवर सिंधूचा निरोप, मराठीतच पण इंग्रजी अक्षरांत: ‘पत्र मिळालं. नीट लिहिलंत. मी सोमवारी भुसावळला आत्याकडे जाते आहे, तिथे शिकवण्या मिळतील. बाबा इथेच राहतील. आता त्यांच्याकडे जाऊ नका.’

उत्तर म्हणून मी लिहिलं, ‘तुझी टिपणं वाचली.’ पाठवलं. त्यावर काही आलं नाही.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लॅबमध्ये पहिल्यांदा त्या व्याख्यानांवर तास घेतला. चाळीस मुलं. खरे साहेबही मागे येऊन उभे राहिले. ट्रस्टचे एक सदस्य सोबत होते, त्यांना दाखवायचं होतं. कुशवाहाजींनी पहिली फाइल लावली. पासवर्ड विचारला नाही, लगेच उघडली.

निळी पार्श्वभूमी. ‘प्रस्तुति: नीलकंठ लघाटे.’ माझं नाव स्वच्छ दिसत होतं. त्याखाली बडे बाबूंनी टाइप केलेली ओळ होती, पण ती देवनागरीत नव्हती. इंग्रजी अक्षरं, मध्येच एक तिरकी रेघ, मध्येच अर्धविराम. कार्यालयाचा तो जुना फाँट लॅबच्या संगणकांत नाही आणि त्याच्याशिवाय ती अक्षरं इंग्रजीच दिसतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलाने ती अक्षरं जोडून मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. वर्ग हसला.

“सर, आपके नाम के नीचे ये क्या लिखा है?”

तोंडात नाव आलं होतं. मागे साहेब आणि ते सदस्य हाताची घडी घालून उभे होते, दोघंही ऐकत होते.

मी म्हटलं, “कुछ नहीं. फ़ॉन्ट की गड़बड़ है.”

आणि पुढची स्लाइड लावली.